अबोला मुलाशी, बोलणं साहेबांशी

नटाला अभिनय येत होता, काम मिळत नव्हतं. एक नाटक पडलं, दुसऱ्यातून त्याला काढलं, आणि बायकोच्या पगारावर बसून जेवायची लाज वाटू लागली तेव्हा थोरल्या साहेबांच्या घरातली जागा निघाली. थोरले साहेब म्हणजे ज्यांनी देश उभा केला ते. त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालं होतं आणि तिथल्या अभ्यासिकेत खुद्द साहेब हवे होते. करड्या केसांचा टोप, लांब कोट, छातीवर घड्याळाची साखळी. लोक रांगेने आत यायचे, मनात येईल ते विचारायचे आणि साहेबांनी खुर्चीत बसून उत्तरं द्यायची. नियम एकच, भूमिका सोडायची नाही. कुणी मोबाइल पुढे केला तर 'हे कसलं यंत्र?' म्हणायचं. आकाश कोसळलं तरी आत बसलेला माणूस साहेबच.

नेमणूक झाली त्या दिवशी नट उड्या मारत घरी आला. "आई, तुझा मुलगा साहेब झाला!"

इथेच घोडं पेंड खात होतं. आईच्या पणजीने याच घरात साहेबांच्या आंघोळीचं पाणी तापवलं होतं, आणि तेही पगारावर नव्हे. साहेबांची घोडी जशी साहेबांची, तशी पणजीही साहेबांची. 'कुणी माणूस कुणा माणसाच्या मालकीचा नाही' हे देशाच्या घटनेतलं पहिलं वाक्य साहेबांनी अभ्यासिकेत बसून लिहिलं, तेव्हा ती मागच्या अंगणात बंबाखाली लाकडं सारत होती. नटाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आनंदाच्या भरात आठवणं वेगळं.

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि तोंडाला कुलूप लावलं. त्याचं जेवणखाण ती बघायची, कपडे वाळत घालायची, ताप आला तर कपाळावर हातही ठेवायची. पण बोलणं सुनेमार्फत. "त्याला सांग, डबा भरलाय." तो समोरच उभा असायचा. सून घरी नसली तर आई कपाटाला सांगायची, आणि कपाटाने निरोप पोचवण्यात कधी कसूर केली नाही.

नटाला आधी हसू आलं, मग राग आला, आता मात्र घास घशाखाली उतरेना. बाप गेल्यावर या बाईने रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुऊन त्याला वाढवलं होतं. त्याचं प्रत्येक नाटक पुढच्या रांगेत बसून पाहिलं होतं, पडलेलीसुद्धा. तिच्या तोंडून नुसतं एकदा 'अरे' ऐकायला तो काय वाटेल ते करायला तयार होता. नोकरी सोडायला? तेवढं सोडून बोला.

शिवाय खरं सांगायचं तर साहेब त्याला आवडू लागले होते. भूमिकेसाठी त्याने पुस्तकं पालथी घातली. साहेबांनी मुलींसाठी पहिली शाळा काढली. दुष्काळात स्वतःची कोठारं उघडली. बायको गेल्यावर तिच्या खोलीत केर काढायलासुद्धा दुसऱ्या कुणाचा पाय पडू दिला नाही, म्हातारपणापर्यंत ती खोली स्वतः झाडली. असा माणूस, आणि मागच्या अंगणात तो बंब. दोन्ही खरं होतं. नट कोट चढवायचा तेव्हा दोन्ही अंगावर यायचं आणि मेळ घालताना त्याची पुरेवाट व्हायची. संग्रहालयाच्या व्यवस्थापकांची अजिबात होत नव्हती. त्यांनी त्या विषयावरची उत्तरं आधीच पाठ करून घेतली होती.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची तुकडी आत आली आणि साहेबांची पाचावर धारण बसली. रांगेत आई होती. ठेवणीतले कपडे, काखेत पिशवी, हातात तिकीट. मागे बायको, 'मी नाही हो आणलं, त्याच निघाल्या' असा चेहरा करून. दारात व्यवस्थापक उभे.

एका गृहस्थाने साहेबांना घोडीचं वय विचारलं. ते झालं आणि आई पुढे आली.

"नमस्कार, साहेब."

"नमस्कार, बाई." नटाने आवाज जड केला. तो नेहमीपेक्षा जरा जास्तच जड झाला. "कुठून येणं केलंत?"

"इथूनच. आमचं माणूस होतं तुमच्याकडे. माझी पणजी. पाणी तापवायची तुमचं."

"आमच्या सेवकवर्गाला आम्ही घरच्यासारखंच..."

"सेवकवर्ग म्हणे! घरची माणसं अंधारात उठून लाकडं फोडायची का हो?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. आई हसली नाही.

"मला एकच विचारायचंय. ते वाक्य तुम्ही लिहिलंत. छान लिहिलंत, शाळेत मीही पाठ केलंय. मग तिला का नाही सोडलंत?"

"काळच तसा होता, बाई."

"काळाचं काय सांगता? अख्खा देश बदललात की."

"कायदा आड येत होता."

"आणि कायदा कोण लिहीत होतं?"

"सोडलं असतं तरी ती बिचारी गेली असती कुठे?"

"ते तिने पाहिलं असतं."

पाठ केलेली उत्तरं संपली. दारातून व्यवस्थापकांनी हात हलवला, पुढच्या माणसाला घ्या. घेता आलं असतं. पण आई त्याच्याकडे बघत होती, म्हणजे साहेबांकडे, आणि हलायचं नाव घेत नव्हती. इतके दिवस लोकांसमोरचे साहेब वठवून नट थकला होता. एकट्याने, दार लावून, हा माणूस स्वतःला काय सांगत असेल? ते शोधायला पुस्तक लागत नव्हतं.

"सकाळी उठलं की गरम पाणी लागायचं," साहेब म्हणाले. आवाज आता जड नव्हता. "ते तयार असायचं. ते तसंच चालू राहावं असं वाटायचं. दुसरं काही कारण नाही, बाई. चूक आहे हे मला ठाऊक होतं. रोज अंगावर पाणी घेताना ठाऊक होतं."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" व्यवस्थापक पुटपुटले, पण त्यांना उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.

"असं सरळ सांगा ना," आई म्हणाली. "उगाच काळ नि कायदा." तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिने खटपट केली नाही. हाताच्या पाठीने पुसले. "माझी आजी हेच विचारत गेली. आई विचारत गेली. सांगायला कुणी बसलेलंच नसायचं."

तिने पिशवी सावरली. लोकांना वाटलं, चालली. ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"आता एक मागणं आहे, साहेब. या कोटात माझा मुलगा आहे. त्याला सोडा."

व्यवस्थापक मान हलवून नको नको म्हणत होते. बायकोने डोळे मिटून घेतले. नोकरी गेली तर घर कसं चालायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नटाने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे उघडले आणि हळूच मान डोलावली.

"सोडला," साहेब म्हणाले. "घेऊन जा."

नट उठला. टोप काढून टेबलावर ठेवला, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. खालचा सदरा घामाने चिंब झाला होता. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

"चल रे," आई त्याला म्हणाली.

त्याने तिच्या काखेतली पिशवी घेतली आणि तो तिच्यामागे निघाला.