काकूची पेटी आणि अर्धवट अपडेट

ठिणगीला ठिणगी हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं, ते आता कोणी कबूल करत नाही. तिच्या नाकावर कायम राग असतो, उगाच कोण विषाची परीक्षा घेईल?

राग यायला आज कारणही चांगलं होतं. काकांच्या नाटकाचा आज पहिला प्रयोग. स्टेजवरचा सगळा उजेड ठिणगीच्या हातात होता. पहाट कधी फुटणार, खोलीतला दिवा कधी मंद होणार, शेवटी म्हाताऱ्याच्या नुसत्या चेहऱ्यावर प्रकाश कसा उरणार, हे सगळं तिनं महिनाभर खपून कॉम्प्युटरमध्ये बसवलं होतं. आणि आज कॉम्प्युटर उघडतच नव्हता.

लाइटरूम म्हणजे जिन्याच्या टोकाला, कपाटाला खिडकी पाडल्यासारखी एक खोली. तिथं स्टुलावर बसून ती स्क्रीनकडे डोळे वटारून बघत होती. स्क्रीनवर आकडा चढायचा, निम्म्याच्या आसपास अडकायचा, मग अक्षरं यायची: अपडेट पूर्ण होऊ शकला नाही, बदल मागे घेत आहोत. मग कॉम्प्युटर आपणहून बंद व्हायचा, आपणहून चालू व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

काका जिना चढून वर आले. नाटकातल्या माणसासारखेच आले, दारात थांबून, एक हात चौकटीवर ठेवून.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, अर्ध्यात सोडून देतो."

"तुझ्यावरच गेलंय मग. शाळा अर्ध्यात, पोहणं अर्ध्यात, ते काय ते गिटार..."

"काका!"

"बरं, राहिलं. पण ऐक. पब्लिक आत सोडायच्या आधी हे चालू झालं तर ठीक. नाहीतर बत्तीमामा हातानं लाइट करतील. तू खाली तिकिटं फाड."

बत्तीमामा म्हणजे हॉलचे जुने लाइटवाले. त्यांच्याकडे सहा बटणांचा एक लोखंडी डबा होता. त्यातून दोनच गोष्टी निघायच्या: उजेड आणि अंधार. मामा सकाळपासून तो डबा फडक्यानं पुसत होते. तोंडावर दुःख आणायचा प्रयत्न चालला होता, पण जमत नव्हतं.

काका गेले आणि ठिणगीनं तोफ दादाकडे वळवली. दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ, आवाजाचं काम बघणारा. तो शेजारीच वायरी गुंडाळत बसला होता.

"तूच काहीतरी केलंस. काल दुपारी इथं कोण होतं?"

"मी काल दुपारी दातांच्या डॉक्टरकडे होतो."

"मग गेम कोणी खेळला ह्याच्यावर?"

"आ कर म्हटल्यावर आ केला गं मी, गेम कुठं खेळू? हे बघ." दादानं खरंच तोंड उघडून दाढेची रिकामी जागा दाखवली.

"मिट ते! आणि जा इथून. तुझ्यामुळेच अडलंय सगळं."

दादा वायरी उचलून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "डॉक्टरनं दाढ काढली, तरी इतकी दुखली नव्हती." ठिणगीला ते लागलं, पण तिनं दाखवलं नाही.

आता डोकं चालवायला हवं होतं. हा घोळ कालपासूनचा. काल अपडेट पहिल्यांदा अडकला, तेव्हा तिनं नीट पद्धतीनं सगळं केलं होतं. अपडेटच्या उतरवलेल्या फायली जिथं साठतात ती जागा रिकामी केली आणि त्या नव्यानं उतरवायला लावल्या. हॉलचं इंटरनेट म्हणजे गोगलगाय, अख्खी सकाळ गेली. पण फायली सगळ्या आल्या होत्या, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. तरी रात्री अपडेट सुरू झाला आणि पुन्हा तिथंच अडकला. आता पुन्हा उतरवत बसायचं म्हटलं तर नाटक संपून पब्लिक घरी जाऊन झोपेल.

कॉम्प्युटर पुन्हा चालू व्हायला लागला तेवढ्यात तिनं तो सेफ मोडमध्ये घातला. म्हणजे फक्त गरजेपुरता जागा, अपडेटबिपडेट काही नाही. ह्यात लाइट चालत नाहीत, पण आत डोकावता येतं.

तिनं ती जागा उघडली. काल गच्च भरलेली, आज आत चारदोन फायली. बाकीच्या गायब. आणि शेजारी एक नवा फोल्डर. त्याचं नाव होतं, पेटी.

ठिणगी बघतच राहिली. ह्या अख्ख्या हॉलमध्ये पेटी हा शब्द एकच माणूस वापरतं.

ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली आणि कपड्यांच्या खोलीत घुसली. काकू म्हाताऱ्याच्या कोटाला इस्त्री करत होती. खुंट्यांवर नाटकाचे सगळे कपडे ओळीत, प्रत्येकाच्या कॉलरला नाव लिहिलेली कापडी पट्टी टाचलेली. खाली तिची पत्र्याची पेटी. काकूचा नियम सगळ्यांना पाठ होता: ज्याला पट्टी नाही, ते पेटीत. हंगामभर कोणी मागायला आलं नाही, तर मगच टाकायचं.

"काकू, कॉम्प्युटरमध्ये पेटी तू केलीस?"

"हो की. काल दुपारी खुर्च्यांचे नंबर छापायला बसले होते. काय पसारा गं तो! एकाला धड नाव नाही. नुसते आकडे आणि एबीसीडी, ती पण उलटसुलट. कोणाचं काय, काही पत्ता नाही. मग घातलं पेटीत."

"कॉम्प्युटरनं विचारलं नाही तुला काही?"

"विचारलं ना. परवानगी आहे का म्हणाला. म्हटलं, आहे. मी नाही द्यायची तर कोण देणार?"

ठिणगीच्या तोंडात आलेलं वाक्य फार वाईट होतं. पण काकूनं इस्त्री उभी करून ठेवली आणि भाबडेपणानं विचारलं, "का गं? लागत होतं का ते कोणाला?"

ते वाक्य ठिणगीनं गिळलं. "लागत होतं, काकू. मलाच."

काकूचा चेहरा उतरला. "अगं बाई. पण मी टाकलं नाही हं काही. आणि कुठल्या खुंटीवरून काढलं ते पण लिहिलंय."

लिहिलं होतं खरंच. वर येऊन कॉम्प्युटरमधली पेटी उघडली तर आत आणखी फोल्डर. जिथून उचललं त्या जागेचं नाव प्रत्येक गठ्ठ्याला जसंच्या तसं दिलेलं. एकाचं नाव 'इथलंच, पण खालच्या कप्प्यातलं'. ठिणगीला हसू फुटलं. काकू तिच्या पाठीशी उभी होती, हातात अजून कोट.

गठ्ठे एकेक करून आपापल्या खुंटीवर गेले. मग ठिणगीनं कॉम्प्युटरला स्वतःच्याच फायली तपासायला लावल्या. तो बराच वेळ गुरगुरला आणि म्हणाला, काही फायली बिघडलेल्या सापडल्या, दुरुस्त केल्या. तिनं नेहमीसारखं सुरू केलं. आकडा चढायला लागला.

खाली पब्लिक आत यायला लागलं होतं. खुर्च्यांचा आवाज, खोकले, कोणाचं तरी मूल. बत्तीमामांनी वर येऊन डबा ठिणगीच्या शेजारी टेबलावर मांडला आणि बोटं मोडली.

आकडा निम्म्यापाशी आला. थांबला. मग तो पुढं सरकला आणि सरकतच राहिला, आणि अगदी शेवटच्या एका टक्क्याला येऊन गप्प बसला.

काकांचा आवाज जिन्यातून आला. "झालं का? नाहीतर मामा, तुम्ही घ्या!"

"काका, एकच टक्का राहिलाय!"

"पब्लिक टक्के बघायला नाही आलं! पडदा उघडायला सांगतो मी."

ठिणगीनं वळून बघितलं. काकू नव्हती. जिन्यात तिची पावलं वाजली आणि खालून तिचा ठणठणीत आवाज ऐकू आला. "पडदा बिडदा काही नाही. म्हाताऱ्याच्या कोटाचं बटण तुटलंय. असा उघड्या छातीनं मरणार का तो शेवटच्या अंकात?"

"मगाशी तर होतं!" काका ओरडले.

"मगाशी होतं. आता नाहीये."

ठिणगीनं खिडकीतून वाकून पाहिलं. विंगेत काकू कोट मांडीवर घेऊन बसली होती. कात्री तिच्या पदराखाली नीट लपली नव्हती. ती सुईत दोरा ओवत होती. जन्मात कधी इतक्या वेळा तिचा नेम चुकला नसेल. दादा शेजारी उभा राहून टॉर्च धरत होता, तोही मुद्दाम भलतीकडे.

स्क्रीन काळी झाली. मग निळी. मग ठिणगीचा ओळखीचा पडदा, कोपऱ्यात लाइटचा प्रोग्रॅम.

"झालं!" ती इतक्या जोरात ओरडली की पहिल्या रांगेतले लोक मान वळवून वर बघायला लागले.

काकूचा दोरा एका फटक्यात ओवला गेला.

मामांनी डबा मिटला. "बघू तरी तुझी पहाट," म्हणत त्यांनी पाय लांब केले. पहाट फुटली तेव्हा ते पाय जवळ घेऊन सरसावून बसले.

मध्यंतरात ठिणगी आवाजाच्या टेबलापाशी गेली. "दाढ कशी आहे?" तिनं विचारलं.

"हीच माफी का?"

"हीच. घ्यायची तर घे."

"घेतली."

ती वर परत आली तर कॉम्प्युटरच्या वायरीला काहीतरी बांधलेलं होतं. कापडी पट्टी, कडेनं बारीक टाका घातलेली. त्यावर काकूचं अक्षर: ठिणगीचं. हात लावू नये.

तिसरी घंटा झाली. ठिणगीनं पट्टी सरळ केली आणि अंधार केला.