पाच मीटरच्या खालचं जंगल

संस्थेत तिला सगळे ‘मोजणीबाई’ म्हणायचे. ही बाई इतकी वर्षं एकच उद्योग करत आली होती, झाडं मोजायचा, आणि तोही झाडाला बोट न लावता. विमानातून खाली लेसरचे किरण सोडायचे. काही किरण पानांवर आपटून परत येतात, काही फटीफटींतून जमिनीपर्यंत पोचून मग परततात. त्या दोन्हींच्या वेळेतला फरक काढला की झाडाची उंची कळते. ऐकायला काय, सोपंच वाटतं हो. करायला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पडद्यावर ठिपकेच ठिपके, आणि एकेका ठिपक्याला विचारत बसायचं की बाबा रे, तू पान आहेस, दगड आहेस, की मधेच कडमडलेला पक्षी?

हे सगळं तिला सरांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, शिकवलं होतं. वडील अचानक गेले तेव्हा ती शिक्षण अर्धवट टाकून घरी निघाली होती, तर सर स्वतः स्टेशनवर येऊन, बॅग हातातून काढून घेऊन तिला परत घेऊन गेले होते. तेव्हापासून ते तिला ‘बाळा’ म्हणायचे. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी ‘बाळा’च. आणि तिनेही सरांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. नवरा चिडवायचा, “मी सांगितलं तर शंभर प्रश्न. सरांनी सांगितलं तर विहिरीतसुद्धा उडी मारशील.”

यंदा काम मोठं होतं. एक अख्खी दरी आणि तिच्या माथ्यावरचा कडा, एवढ्याचा जंगलाचा नकाशा करायचा होता. दगडाच्या खाणीवाल्या कंपनीला ती जागा हवी होती. नियम असा की नकाशात जिथे जंगल दिसेल तिथे खोदायचं नाही आणि जिथे दिसणार नाही तिथे मोकळं रान. म्हणजे सरकारी समितीपुढच्या सुनावणीत जे काही ठरायचं ते नकाशावर. तिने जिवाचं रान केलं. नकाशा छापून आला तेव्हा खाली पहिलं नाव तिचं होतं आणि सरांचं त्याच्या मागे. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. “तुझा मान आहे हा,” सर म्हणाले. तिला आकाश ठेंगणं झालं. घरी येऊन तिने जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारली आणि नकाशा पसरला.

नवरा दातांचा डॉक्टर, अंगाने ताडमाड. वाकून वाकून बघत होता.

“अगं, हा कडा असा टकला कसा?”

“तू दात बघ. नकाशातलं तुला काय कळतंय?”

“ते खरंच. पण लग्नानंतर आपण तिथे गेलो होतो ना? झाडं होती की तिथे. माझं डोकं झाडांच्या वर निघत होतं आणि तू पोट धरून हसत होतीस.”

ती हसायला गेली आणि हसू तिथेच थांबलं. त्या कड्यावर बारा महिने वारा सुटलेला असतो. झाडं माणसाच्या खांद्याच्या वर जातच नाहीत. पण खोडं बघावीत तर वाकडी, गाठाळलेली, शेवाळाने माखलेली, कित्येक पिढ्यांच्या वयाची. सरांनीच तिला पहिल्यांदा ती दाखवली होती. “उंचीवर जाऊ नकोस, ही सगळी म्हातारी मंडळी आहेत,” असं म्हणून एका खोडावर हात फिरवला होता त्यांनी.

मग आता ती म्हातारी मंडळी गेली कुठे?

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. काम चालू असताना एका दुपारी सर कॉफीचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. “पाच मीटरच्या खालचं सगळं गाळून टाक, बाळा. झुडपं, कुंपणं, गुरंढोरं, नुसता कचरा असतो तो.” संगणकाला एका ओळीची आज्ञा द्यायची, एवढंच काम. त्यांची कॉफी संपायच्या आत तिने करून टाकलं. खालच्या दरीत झाडं चांगली उंच, तिथे काहीच बिघडलं नाही. कडा तिच्या डोक्यात आलाच नाही. येणार तरी कसा? सर सांगत असताना आपलं डोकं वापरायची तिला सवयच नव्हती.

“विसरले असतील रे सर,” ती नवऱ्याला म्हणाली. त्याने विचारलंही नव्हतं.

सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“अरेच्चा! हे निसटलंच की आपल्याकडून.”

“मी आजच दुरुस्त करते, सर. उद्या सुनावणी आहे.”

“थांब. असं घाईने बदललंस तर लोक म्हणतील, यांचा कशाचा कशाला पत्ता नाही. उद्या मीच उभा राहून सांगतो. तू कुणाजवळ काही बोलू नकोस. उगाच तुझ्यावर शेकेल.”

तिचा जीव भांड्यात पडला. बघा, किती काळजी! घरी नवरा म्हणाला, “तरी तू आधी कळवून टाकलं असतंस तर बरं.” तर त्याच्यावरच ती उखडली. “तुझी नजर नेहमी किडक्या जागीच जाते.”

सुनावणीला दालन खच्चून भरलं होतं. अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. आवाज बारीक, पण नजर अशी की समोरच्याने बटणं नीट लावली आहेत का ते स्वतःच तपासावं. भिंतीवर तिच्या संगणकावरून नकाशा लागला. कंपनीचा वकील म्हणाला, कड्यावर जंगल नाही, हे शास्त्रज्ञांनीच दाखवलंय, आम्ही आणखी काय बोलणार? अध्यक्षबाईंनी सरांकडे पाहिलं.

“यात काही दुरुस्ती?”

“नाही,” सर म्हणाले.

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. सर शांतपणे पुढे बोलत होते. “नकाशा अगदी व्यवस्थित आहे. तपशील हवे असतील तर हिला विचारा. काम हिचं आहे. पहिलं नावही हिचंच आहे.”

तेव्हा तिला कळलं की नाव पहिलं का आलं होतं. ज्या माणसाने बोट धरून चालायला शिकवलं त्याने केसाने गळा कापावा, तोही भरल्या दालनात, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू न देता! आणि आपण मूर्खासारखं तो नकाशा घरी नेऊन टेबलावर पसरून नाचत होतो.

ती उठली.

“नकाशा चुकला आहे. कड्यावर जंगल आहे. झाडं ठेंगणी आहेत आणि आम्ही पाच मीटरच्या खालचं सगळं गाळून टाकलं.”

दालनात कुजबुज सुरू झाली. “हा आकडा कोणी ठरवला?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“सरांनी सांगितला.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, अगदी मायेने. “मला असं काही सांगितल्याचं आठवत नाही. ती फार दमली आहे हो. गेले काही महिने खूपच ताण होता तिच्यावर.”

वकील हसला. “म्हणजे कोणीतरी सांगतं म्हणून तुम्ही आकडे घालता?”

मागून दोघंतिघं हसले. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

“हो,” ती म्हणाली. “कोणीतरी नाही, सरांनी सांगितलं म्हणून घातला. विचारसुद्धा केला नाही. ती चूक माझी आहे आणि ती मी इथे कबूल करते. पण माझ्या चुकीपायी ती झाडं नाहीशी होत नाहीत.”

तिने संगणक उघडला आणि ती एक ओळ काढून टाकली. भिंतीवरचा टकला कडा हळूहळू हिरव्या ठिपक्यांनी भरत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “किरणांनी हे सगळं आणून दिलं होतं. मी फेकून दिलं होतं.”

मग कोणी हसलं नाही.

निकाल तिथल्या तिथे लागला. हा नकाशा रद्द. कड्याची नव्याने मोजणी, काहीही न गाळता, आणि ती होईपर्यंत तिथे कुदळसुद्धा लावायची नाही. अध्यक्षबाईंनी पुढे जोडलं. “आणि ती मोजणी या बाईंनी करायची नाही. दुसऱ्याच्या तोंडचा आकडा न तपासता घालणाऱ्या हातांत मी हे काम पुन्हा देणार नाही.”

“मान्य आहे,” ती म्हणाली. आवाज फुटला, पण म्हणाली. सरांचं नाव निकालात कुठेच आलं नाही. ते नामानिराळे राहिले ते राहिलेच.

बाहेर लिफ्टपाशी सर एकटे उभे होते. त्यांना टाळून जावं असं तिला वाटलं, पण पाय तिकडेच वळले. मेली सवय!

“सर, तुम्हाला खरंच आठवत नाही?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळपास कोणी नव्हतं.

“आठवतं. कंपनीवाले नियम काय, कधीही वाकवून घेतील. कडा सोडला तर खालच्या दरीला हात लावणार नाही, असा शब्द दिला होता त्यांनी मला. एवढीशी झाडं देऊन मी अख्खी दरी वाचवत होतो. सगळं पाण्यात घातलंस तू.” त्यांचा आवाज कापत होता. “स्टेशनवरून परत आणलं होतं मी तुला. माझ्यासाठी एवढंही करवलं नाही तुझ्याच्याने?”

आणि गंमत अशी की तिच्या ओठांवर ‘चुकलं, सर’ आलंच होतं. तिने ते गिळलं.

“करवलं असतं, सर,” ती म्हणाली. “तेच तर सांगतेय. तुम्ही मला समोर बसवून खरं सांगितलं असतंत आणि कडा मागितला असतात ना, तर मी दिला असता. सगळं कळत असताना, स्वतःच्या हाताने पुसून दिला असता आणि आज तिथे उभी राहून तुमच्यासाठी खोटंही बोलले असते. बरं झालं तुम्ही मला फसवलंत.”

सर काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात लिफ्ट आली आणि आतून माणसं बाहेर पडू लागली. ती जिन्याकडे वळली. पहिल्याच वळणावर तिला रडू फुटलं. वर येणाऱ्या लोकांनी अंग चोरून तिला वाट दिली आणि ती तशीच, डोळेसुद्धा न पुसता, खाली उतरत गेली.