तीन थेंबांची तेलशुद्धी

शनिवारी सकाळी अकरा वाजता पनवेलच्या ‘शुभयान मोटर्स’मध्ये सत्तर-ऐंशी माणसं टाचा उंचावून उभी होती. मधल्या टेबलावर काचेची एक बरणी होती आणि बरणीत काळंकुट्ट काहीतरी. टेबलामागे सर्व्हिस विभागाचे प्रमुख परेश सर उभे होते. गळ्यात टाय, कानाला लावलेला माइक, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण कीर्तनाला बसलोय की गाडी दाखवायला आलोय तेच कळू नये.

“हे तेल पाच मिनिटांपूर्वी त्या पांढऱ्या गाडीतून काढलंय. बारा हजार किलोमीटर पळालेलं! लोक म्हणतात, तेल मेलं, बदला. मंडळी, तेल मरत नाही. तेल दमतं! घरातली म्हातारी माणसं दमली म्हणून आपण त्यांना गटारात टाकतो का?”

“नाही!” गर्दी ओरडली.

“मग तेलाला का टाकायचं?”

परेश सरांनी खिशातून एक निळी बाटली काढली. ‘संजीवन थेंब’. परदेशी संशोधन, सूक्ष्म कण, तेलाची स्मरणशक्ती जागी करणारं तंत्र असं बरंच काही ते बोलले. मग त्यांनी डोळे मिटले, तळहात बरणीवर धरला आणि मोजून तीन थेंब सोडले. बरणी गोल फिरवली. काळं तपकिरी झालं, तपकिरी विटकरी झालं, आणि बघता बघता बरणीत सोनेरी तेल लखलखू लागलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी चक्क हात जोडले.

मागे, कॉफीच्या मशीनपाशी, रंजिता आपल्या वडिलांबरोबर उभी होती. ती सुकापूरच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवत असे. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तिचा विश्वास बसला. गावच्या भगताने लिंबातून रक्त काढून दाखवलं असतं, तर तिने जागच्या जागी त्याची फजिती केली असती. इथे मात्र लिंबू नव्हतं. चकचकीत फरशी होती, कॉम्प्युटरवरचं बिल होतं आणि दारावर ‘अधिकृत विक्रेते’ अशी पाटी होती. एवढ्यावरच तिची शंका गप्प बसली.

तिचे वडील बुधाजी घरत गव्हाणला राहत. डायलिसिसच्या पेशंटना गावातून पनवेलच्या दवाखान्यात नेणं-आणणं हा त्यांचा धंदा. आठवड्याचे सहा दिवस त्यांची व्हॅन धावायची. एस.टी. स्टँडमागच्या मोहसीनच्या गॅरेजमध्ये अठरा वर्षं त्यांच्या गाड्यांचं तेलपाणी होत आलं होतं.

“आपला मोहसीन काय वाईट हाय?” बुधाजींनी हळूच विचारलं.

“वाईट नाही हो बाबा. पण हे अधिकृत आहे, सगळं नोंदवलेलं असतं. पेशंटची गाडी आहे, त्यात हयगय नको.”

लेक शिकलेली. बुधाजींनी ‘आजीवन तेलशुद्धी योजने’च्या कागदावर सही केली. त्या दिवसापासून मोहसीनच्या गॅरेजवरून जाताना ते मान वळवून बसू लागले.

त्यानंतर दोनदा व्हॅन शुभयानमध्ये गेली. दोन्ही वेळा बुधाजी थंडगार खोलीत बसले, कॉफी प्याले. गाडी आत गेली आणि धुऊनपुसून बाहेर आली. बिलावर छापलेलं होतं, ‘तेलशुद्धी, फिल्टर बदल’. आत काय झालं ते कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला परेश सरांनी बुधाजींच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, “काका, तेलाचा लाल दिवा कधी लागलाच ना, तर घाबरायचं नाही. आपले थेंब मळाशी झुंजत असतात. दिवा म्हणजे लढाई सुरू असल्याची खूण!”

ऑक्टोबरमध्ये एका बुधवारी शाळेला सुट्टी होती म्हणून रंजिता माहेरी आली होती. परतताना ती वडिलांच्याच व्हॅनमध्ये बसली. मागच्या सीटवर कमळाबाई होत्या, साठीच्या पुढच्या. सोमवारी दवाखान्यातलं मशीन बिघडल्याने त्यांचं डायलिसिस चुकलं होतं. पाय सुजून टम्म झालेले. दोन शब्द बोलल्या की त्यांना धाप लागत होती. आज उशीर करून चालणार नव्हता.

गव्हाण फाटा मागे पडला. दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर घरघरत चालले होते. तेवढ्यात रंजिताला डॅशबोर्डवर लाल ठिपका दिसला.

“बाबा, तेलाचा दिवा.”

“मना म्हाईत हाय. थेंब काम करतात. सरांनी सांगितलंय.”

“कधीपासून लागतोय?”

“चार दिस झालं. लागतो नि विझतो.”

आज तो विझेना. मिनिटभरात इंजिनातून आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. कुणी आतून लोखंडी हातोडीने दार ठोठावत असल्यासारखा. जळकट वास केबिनमध्ये शिरला.

“गाडी बाजूला घ्या, बाबा!”

“इथं? या रस्त्यावं? पोरी, पंधरा मिन्टांत दवाखाना येतंय. कमळाबायला उशीर नाय करायचा.”

“इंजिन जाम झालं तर आपण या ट्रेलरच्या मधोमध अडकू!”

“सर बोलले ते खोटं हाय काय मंग?”

रंजिताने पुन्हा दिव्याकडेच बोट दाखवलं. सरांवर विश्वास ठेवायला तिनेच तर लावलं होतं. मागून कमळाबाई धापा टाकत बोलल्या, “बुधाजी... दिवा लागलाय... म्हंजे काय तरी... सांगत असंल ना तो.”

बुधाजींनी ओठ आवळले आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं. व्हॅन कच्च्या कडेला उतरली. मागचा ट्रेलर कर्णकर्कश भोंगा वाजवत इतक्या जवळून गेला की अख्खी गाडी हलली. बुधाजींचा हात अजून गिअरवरच होता. “जरा थंड करू नि जाऊ हलूहलू,” ते पुटपुटले. रंजिताने हात लांब करून किल्ली फिरवली आणि काढून मुठीत धरली.

एकदम शांत झालं. त्या शांततेत कमळाबाईंच्या श्वासाची घरघर स्पष्ट ऐकू येऊ लागली.

दवाखान्यात फोन केला, तर अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली होती. रिक्षा दिसेना. हात दाखवला तरी कुणी थांबेना. शेवटी रंजिताने वडिलांच्या फोनमधला मोहसीनचा नंबर काढला. बुधाजी तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिले.

मोहसीनने दोनच प्रश्न विचारले. कुठे आहात, आणि पेशंट बसू शकतात का? वीस मिनिटांत तो आपली जुनी जीप घेऊन हजर झाला. पन्नाशीचा, दाढी पिकलेला, हात ग्रीसने माखलेले. बुधाजी काही बोलायला गेले तर त्याने थांबवलं.

“इंजिनाची फिकीर नंतर, बुधाजीशेठ. आधी काकूंना उचला.”

कमळाबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा त्यांचे ओठ निळसर दिसू लागले होते. ताबडतोब ऑक्सिजन लावला, मशीन सुरू झालं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “आता ठीक आहेत. पण आणखी अर्धा तास गेला असता, तर मला वेगळं सांगावं लागलं असतं.”

रंजिता बाकावर बसली. 

दुपारी मोहसीनने व्हॅन ओढून आणली. खाली भांडं लावून त्याने तेलाचा बोल्ट सोडला. बराच वेळ काहीच आलं नाही. मग डांबरासारखा काळा गोळा हळूहळू ओघळला. मोहसीनने फिल्टर खोलून हातात घेतला, चिंधीने पुसला आणि बुधाजींसमोर धरला. त्यावर पांढऱ्या पेनाने तारीख लिहिली होती. अक्षर मोहसीनचं होतं आणि तारीख गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरची.

“मी लावलेला फिल्टर आहे हा,” तो म्हणाला. “लावताना तारीख टाकायची माझी सवय. अल्ला गवाह आहे, यानंतर या बोल्टला कुणी पाना लावलेला नाही.”

बुधाजी तिथेच टायरवर बसले. “दोन येळा बिल दिलं मी,” एवढंच ते बोलले.

रंजिताने ते तेल एका काचेच्या बाटलीत भरून घेतलं. बाटली तिरपी केली आणि सरळ केली. काळा लगदा काचेला चिकटून राहिला, सावकाश खाली येऊ लागला. ती बघतच राहिली. परेश सरांची बरणी तिला आठवली. त्या बरणीतलं ‘तेल’ गोल फिरवताना पाण्यासारखं हिंदकळत होतं, आणि काच लगेच स्वच्छ होत होती. तेल असं वागत नाही. ते पाणी होतं! सत्तर-ऐंशी जोडी डोळ्यांसमोर होतं, त्यात एक जोडी विज्ञानाच्या शिक्षिकेची होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेत थांबली. जखमेला लावायचं टिंक्चर आयोडीन पाण्यात ओतलं. पाणी काळपट झालं. त्यात हायपोच्या, म्हणजे फोटो धुवायच्या क्षाराच्या, द्रावणाचे थेंब टाकले. काळेपणा गेला, पण पाणी अगदी नितळ झालं. सोनेरी रंग कुठून आणायचा? तिने डोकं खाजवलं आणि मग घरून जिलेबीत घालायचा पिवळा रंग आणला. चिमूटभर आधीच टाकून ठेवला. या वेळी काळं गेलं आणि खाली लपलेलं सोनं वर आलं.

पुढच्या शनिवारी ती बुधाजींना घेऊन शुभयानमध्ये गेली. मोहसीनला तिने बोलावलं होतं, पण तो नको म्हणाला. “मी बोललो तर लोक म्हणतील, धंदा बुडाला म्हणून बोंबलतोय. तुम्ही बोला, मॅडम.”

बरणी तयार होती, गर्दीही. परेश सर भाषणात घरातल्या दमलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत आले होते, तेव्हा रंजिता पुढे झाली.

“सर, हे माझ्या वडिलांच्या व्हॅनमधलं तेल. तुमच्या योजनेतली गाडी आहे. यात तीन थेंब टाकता?”

परेश सर हसले. “मॅडम, बाहेरून आणलेलं तेल आम्ही हाताळत नाही. वॉरंटीचा प्रश्न असतो.”

“या तेलाची आजीवन हमी तुमच्याच योजनेत आहे.”

“सिक्युरिटी, मॅडमना जरा केबिनमध्ये बसवा. कॉफी द्या.”

सुरक्षारक्षकाने तिच्या हातातल्या पिशवीला हात घातला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “बाई, कार्यक्रम चालू द्या!” दुसरा म्हणाला, “एवढी मोठी कंपनी खोटं बोलेल काय?”  रंजिताने पिशवी सोडली नाही. इतक्यात बुधाजी रक्षकाच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले.

“हात काढ,” ते म्हणाले. “माजी पोर हाय ती. नि माज्या गाडीत परवा एक बाय मरता मरता वाचली हाय.”

 पुढच्या रांगेत कमलाकर ठाकूर म्हणून एक निवृत्त कारकून होते, ते स्वतः योजनेचे सभासद. त्यांनी चष्मा सारखा केला. “परेशजी, तीन थेंबांचाच प्रश्न आहे ना? टाका की. आमचीही खात्री होईल.”

“हो, टाका!” आणखी दोघेतिघे म्हणाले.

परेश सरांनी थेंब टाकले. तीन टाकले, मग सहा, मग अर्धी बाटली. तेल काळं ते काळंच राहिलं. रंजिताने बाटली तिरपी केली, तेव्हा तळाशी पाण्याचे मणी वेगळे होऊन घरंगळताना दिसले.

“तेलात पाणी मिसळत नाही,” ती म्हणाली. आता तिचा आवाज वर्गातला झाला होता. “आता सरांच्या बरणीत बोट घाला. कुणीही या.”

कमलाकररावांनी बोट घातलं आणि चोळून पाहिलं. “अरे! हे तर ओशट नाहीच!”

रंजिताने पिशवीतून ग्लास काढला, टिंक्चरची बाटली काढली, हायपो काढला, पिवळा रंग काढला. एकेक वस्तू काय आहे आणि कुठल्या दुकानात मिळते ते सांगत तिने सगळं सर्वांसमोर मिसळलं. काळं सोनेरी झालं. टाळी एकही वाजली नाही. माणसं वर्कशॉपच्या दाराकडे वळू लागली होती. “माझी गाडी दाखवा,” “माझा फिल्टर खोला,” असा एकच गलका झाला. परेश सरांचा माइक अजून चालू होता. त्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

त्या दिवशी अकरा गाड्या खोलल्या. नवा फिल्टर एकाही गाडीत नव्हता. अकरा मालकांनी मिळून ग्राहक आयोगात तक्रार केली. पुढच्या आठवड्यात परेश सरांची खुर्ची रिकामी झाली आणि निळ्या बाटल्या पोलिसांनी नेल्या. कमळाबाई आता मोहसीनने दुरुस्त केलेल्या व्हॅनमधून दवाखान्यात जातात.

त्या शनिवारी गर्दी पांगण्याआधी रंजिता जे बोलली, ते सांगण्यासारखं आहे. ती म्हणाली, “मीसुद्धा फसले. मी विज्ञान शिकवते, तरी फसले, कारण इथे एसी होता आणि बिल छापील होतं. सगळ्या शोरूम लबाड नसतात आणि सगळी गॅरेजं प्रामाणिक नसतात. म्हणून पाटी बघू नका, काम बघा. गाडी कामासाठी रॅम्पवर चढली की समोर उभे राहा. काढलेलं तेल दाखवा म्हणा, जुना फिल्टर हातात मागा, इंजिनातली तेल मोजायची दांडी ओढून तेल स्वतः पाहा. कुणी म्हणालं की आत यायचं नाही, विचारायचं नाही, लाल दिवा लागला तरी घाबरायचं नाही, तर तिथेच थांबा आणि विचारा, का नाही? प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.”