हजर, साहेब

आमच्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. यांची पावाच्या भट्टीवर कायमची रात्रपाळी. लग्न झाल्यापासून हे दिवसा झोपतात आणि बाकीचं घर चवड्यांवर चालतं. खोल्या दोन, मधली भिंत पातळ. घरात मोठा आवाज एकच, तो यांच्या घोरण्याचा. मी तशी तापट बाई आहे, पण माझी तळपायाची आग मस्तकात जाते तीसुद्धा हळू आवाजात. मुलाला रागवायचं तर मी डोळे वटारून नुसते ओठ हलवायचे. त्याला अक्षर न् अक्षर कळायचं.

त्याला सैन्याचं बोलावणं आलं. आमच्याकडे त्या वयाच्या प्रत्येक मुलाला प्रशिक्षणाला जावंच लागतं. मुलगा कसा आहे, त्याला झेपेल का, हे कुणी विचारत नाही. मी आधी सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या, अर्थात कुजबुजत, आणि मग कंबर कसली. जायचंच आहे तर निदान धडधाकट होऊन जाऊ दे.

सकाळी तो नदीकाठच्या रस्त्यावर धावायचा आणि मागून मी सायकलवर. दुपारी स्वयंपाकघरात जोर काढायचा, छातीखाली उशी ठेवून, म्हणजे दमून कोसळला तरी धप्पकन आवाज व्हायला नको. नवे बूट पायाला सरावावेत म्हणून तो ते घरातच घालून फिरायचा. टाचा वाजतात म्हणून मी त्यांवर जुन्या स्वेटरच्या बाह्या चढवल्या. दंड भरले, दम वाढला. मला वाटलं, जिंकलं पोरानं.

केस बारीक करायला त्याला कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांकडे नेलं. काकांनीही तरुणपणी सैन्याचं हेच प्रशिक्षण घेतलेलं. स्वेटरच्या बाह्यांचं ऐकून ते पोट धरून हसले.

"अहो वहिनी, तिथं बूट आपटायलाच शिकवतात! बरं, चल रे, हजेरी दे बघू. हजर, साहेब!"

"हजर, साहेब," मुलगा म्हणाला.

काकांची कात्री थांबली. "जोरात."

तो पुन्हा म्हणाला. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकालाही ते ऐकू गेलं नसेल. काकांचं हसू मावळलं. मला ते दारापाशी घेऊन गेले.

"वहिनी, तिथं घसा फोडून उत्तर द्यावं लागतं. एकाचा आवाज आला नाही की शिक्षा सगळ्या तुकडीला. मग बाकीची पोरं झोपायच्या खोलीत त्याचा राग कुणावर काढतात? आमच्यातही एक होता असा."

"त्याचं काय झालं?"

काकांनी हातातला टॉवेल झटकला. "हजेरी शिकवा त्याला. बाकी सगळं राहू द्या."

आता धावणं वगैरे सगळं बंद. रोज त्याला पुलाखाली घेऊन जायचं आणि म्हणायचं, ओरड. तो छाती फुगवायचा, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि तोंडातून बाहेर यायची ती आमच्या घरातली कुजबुज.

"तू दाखव ना ओरडून," तो एकदा म्हणाला. मी तोंड उघडलं आणि मला खोकला आला.

"आई, आवाज गळ्यापर्यंत येतो गं. मग वाटतं, बाबा झोपलेत."

"बाबा इथं कुठं आहेत?"

"माहितीये. तरी वाटतं."

माझ्या सगळ्या तापटपणाचा त्या क्षणी काडीचाही उपयोग नव्हता.

मी हे यांना सांगितलं. हे मुळात कमी बोलणारे. दुसऱ्या दिवशी भट्टीवरून आले, हात धुतले आणि मुलाला म्हणाले, "मी झोपतो. तू दारात उभा राहा आणि ओरडून मला उठव. लाज नको बाळगूस, झोप गेली खड्ड्यात." आणि भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर ओढून पडले.

मुलगा दारात ताठ उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्याचे ओठ हलले. "हजर, साहेब."

हे ताडकन उठून बसले. "बाप रे! केवढ्यानं ओरडलास! छातीत धडधडतंय माझ्या!" आणि खरोखरच छातीवर हात ठेवला.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून. तो काही दूधखुळा नाही. पण बापासाठी हसला. त्या दिवशी पलीकडच्या खोलीतून घोरणं ऐकू आलंच नाही.

निघायच्या दिवशी हे भट्टीवरून थेट मैदानावर आले, भुवयांना पीठ तसंच. मुलं रांगेत उभी, आम्ही आईबाप दोरीच्या अलीकडे. साहेब नावं पुकारू लागले. एकेक पोरगा असा ओरडत होता की कानठळ्या बसाव्यात.

मग आमच्या मुलाचं नाव आलं. त्याची छाती फुगली, ओठ हलले. हजर, साहेब. मला स्वच्छ दिसलं. यांनाही दिसलं, यांनी माझा हात घट्ट धरला. पण ओठ वाचायची सवय त्या मैदानात फक्त आम्हा दोघांना होती.

साहेबांनी पुन्हा पुकारलं. परत ओठ हलले.

"आला नाही का हा?" साहेब गरजले. "की तोंडात जीभ नाही? सगळे खाली! जोर काढा!"

सगळी रांग मातीत गेली. जोर काढता काढता एकेक मुलगा मान वळवून आमच्या मुलाकडे बघू लागला. कुणीही हसत नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, अहो, तो हजर आहे, तुमच्यासमोरच आहे, त्यानं दोनदा सांगितलंय!

शेजारची बाई माझ्याकडे वळली. "काही म्हणालात का?" तिनं विचारलं.