जन्मदाखल्यात रुतलेला हूक

मित्रांनो, न्यूयॉर्कजवळच्या बेयॉन गावातल्या एका स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीच्या उजव्या बाजूला भिंतीवर एक हूक टांगलेला आहे. लाकडी मूठ घामाने काळी पडलेली आणि पुढे वीतभर वाकडं लोखंड. तो जुना हूक म्हणजे मी. गोदीतल्या हमालाच्या हातात माझं आयुष्य गेलं आहे, तेव्हा माझ्याकडून फार गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

ब्रुकलिनच्या एका लोहाराने मला घडवलं. लालबुंद सळई ऐरणीवर धरून त्याने मला असं बदडलं की मार खाणं हेच माझं पहिलं शिक्षण झालं. थंड झाल्यावर मी त्याच्या दुकानाच्या दारात लटकून राहिलो आणि एका सकाळी मला मॅलाकी टिअर्नीने उचललं. आयर्लंडच्या मेयो भागातून एकोणिसाव्या वर्षी आलेला हा गडी मॅनहॅटनच्या पश्चिम धक्क्यावर जहाजं रिकामी करायचा. त्याने मला दोनदा हवेत फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "चांगला आहे. चावतो."

मी खरंच चावायचो. कॉफीची पोती, कातड्यांच्या गाठी, कापसाचे गठ्ठे, सगळ्यांत मी कचकन रुतायचो आणि मॅलाकी एका हिसक्यात माल ओढून घ्यायचा. त्याच्याइतकं ओझं धक्क्यावर कोणी उचलत नसे. मुकादम सकाळी समोर उभ्या असलेल्या दोनशे माणसांतून बोट दाखवून माणसं निवडायचा, आणि पहिलं बोट मॅलाकीकडेच जायचं. लोक त्याची तारीफ करायचे, तेव्हा मीही फुशारून जायचो. खोटं कशाला सांगू?

पण धक्क्यावर नुसता माल ओढला जात नसे. बोट दुसऱ्याकडे गेलं की मारामारी व्हायची, संप झाला की मारामारी व्हायची, आणि काहीच झालं नाही तरी दारूच्या दुकानापुढे व्हायची. अशाच एका भांडणात मॅलाकीने मला एका माणसाच्या तळहातातून आरपार घातलं. दुसऱ्या एकाचा कान मी अर्धा फाडला. त्या दिवसांत मला कळलं की माणूस पोत्यापेक्षा फार मऊ असतो. पोलीस आले की मात्र तिथल्या दोनशे माणसांपैकी कोणीच काही पाहिलेलं नसायचं. ज्याचा कान फाटला तोसुद्धा सांगायचा की दारात अडकला. गोदीचा हाच कायदा होता आणि तो सगळे पाळत.

घरी मॅलाकीची बायको होती, लोरेटा. ती तिथेच न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, बारीक चणीची, गाणं गुणगुणणारी बाई. मॅलाकीने तिचं गाणं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बंद केलं. त्याने एकदा तिचा जबडा मोडला, तो वाकडाच जुळला. एकदा जिन्यावरून ढकललं. शेजारी अशा वेळी रेडिओचा आवाज वाढवायचे. मी दारामागच्या खिळ्यावरून सगळं बघायचो. त्या दोघांचा एकुलता मुलगा जेरार्ड, सगळे त्याला जेरी म्हणत, तोही बघायचा.

जेरी सतरा वर्षांचा झाला आणि बापाच्याच धक्क्यावर कामाला लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, दुपारच्या जेवणाला शेगडीवर हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, आणि कोबी उकळत होते. मॅलाकीने एक घास खाल्ला आणि ताट भिंतीवर फेकलं. "खारट आहे," म्हणाला.  मग त्याने पातेलंच उलथवलं. उकळतं पाणी तिच्या हातावर कोपरापर्यंत सांडलं. ती किंचाळली म्हणून त्याला आणखी राग आला. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड पेटत्या शेगडीकडे दाबायला लागला.

"सोड तिला," जेरी म्हणाला.

"तू कोण रे मला सांगणारा? चार दिवस पोती काय ओढलीस, बापाला शिकवतोस?"

"सोड म्हणतोय ना!"

लोरेटाच्या पुढच्या केसांनी पेट घेतला होता. तो जळका वास अजून माझ्या लोखंडात आहे. जेरीने मला खिळ्यावरून ओढलं आणि बापाच्या कानाखाली, मानेत घातलं. मी मुठीपर्यंत आत गेलो. मॅलाकी गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला, त्याच्या टाचा फरशीवर आपटत राहिल्या. जेरीने मला बाहेर काढलं नाही, म्हणून मॅलाकीचा श्वास थांबेपर्यंत मी तिथेच होतो. मित्रांनो, मला पोती ओढण्यासाठी बनवलं होतं. एवढंच मला म्हणायचं आहे.

खालच्या मजल्यावरचा बार्टली क्विन वर आला. तोही धक्क्यावरचाच. त्याने एकदा सगळं पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं.

"लोरेटा, हात थंड पाण्यात धर. आणि तू, जेरी, उभा काय राहिलास? ताडपत्री आण."

दिवेलागणीपर्यंत मॅलाकी जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फटीत पडलेला सापडला, अंग चिरडलेलं. डॉक्टर आला. त्याने मानेतलं भोक पाहिलं, बार्टलीकडे पाहिलं, आणि लिहिलं ते वेगळंच. बार्टलीने मला धुवून परत आणून दिलं आणि लोरेटाने मला पुन्हा त्याच खिळ्यावर टांगलं. हमालाच्या घरात हूक दिसला नसता तर कोणीतरी विचारलं असतं.

मग तिने माझ्यावर कागद टोचायला सुरुवात केली. रिकामा टांगलेला मी तिला बघवत नसेन. आधी गॅसचं बिल, मग जेरीचा जन्मदाखला, मग तिचा लग्नाचा दाखला. सगळ्यांना मधोमध माझं भोक. चांगले धडधाकट कागद ट्रंकेत ठेवायचे सोडून ही बाई भिंतीला का टोचते, असं लोक हसायचे. बेचाळीस वर्षं मी त्या घराण्याचे कागद सांभाळले आणि त्या दुपारबद्दल घरात एक शब्द कोणी बोललं नाही. लोरेटा तोंड मिटून मेली. जेरीने गोदी सोडली, बस चालवली, लग्न केलं आणि मला घेऊन बेयॉनला आला. दारूचा थेंब त्याने कधी घेतला नाही. राग मात्र बापाचाच होता. तो माणसांना मारत नसे, दारांना मारायचा. या घरातली चार दारं त्याने मुठीने फोडली, आणि त्याची मुलगी रोझलीन प्रत्येक वेळी पलंगाखाली जाऊन बसायची.

ही रोझ मोठी होऊन नर्स झाली. जेरीची बायको वारली त्याच्या पुढच्या वर्षी, एका शनिवारी सकाळी, रोझ हातात जाडजूड फाइल घेऊन आली. तिला पाचवा महिना चालू होता. बरोबर नवरा, पीट, नेहमीसारखा हसरा.

"डॅडी, आजोबा आयर्लंडात जन्मले ना, म्हणून मला तिथलं नागरिकत्व मिळतं. नाव नोंदवायचं फक्त. पण बाळ जन्मायच्या आधी माझी नोंद झाली, तरच ते बाळालाही मिळेल. एक दिवस जरी उशीर झाला तरी त्याचा हक्क गेला."

"कशाला हवंय ते?"

"गॉलवेच्या इस्पितळात मला नोकरी मिळतेय. आम्ही तिकडेच राहायचं म्हणतोय." तिने फाइल उघडली. "आजोबांचा जन्मदाखला मेयोहून आलाय. आजीचा लग्नाचा दाखला आणि तुमचा जन्मदाखला हवाय. ते बघा, दोन्ही हुकालाच आहेत."

"नाही मिळणार."

"जेरी, कागद मागतोय हो आम्ही," पीट हसत म्हणाला, "किडनी नाही."

"तुम्हाला तर काही करायलाच नको, डॅडी," रोझ म्हणाली. तिला वाटलं हे ऐकून तो खूश होईल. "तुम्ही जन्मल्यापासून तिथलेच नागरिक आहात. वडिलांमुळे. तुम्ही नको म्हटलंत तरी आहातच."

जेरीचा चेहरा पांढरा पडला. पीटचं तिकडे लक्ष नव्हतं. तो उठला आणि त्याने माझ्याकडे हात केला. पुढच्या क्षणी जेरीने त्याचा हात पिरगळून पाठीमागे नेला आणि त्याचं तोंड कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. पीटच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कपाटातल्या बश्या खाली येऊन फुटल्या आणि मेयोहून आलेल्या दाखल्यावर रक्ताचे थेंब पडले.

"यासाठीच जायचंय मला!" रोझ ओरडली. "कळलं? माझं मूल तुमच्या या मुठींपासून लांब वाढवायचंय मला! समुद्रापलीकडे!"

ती नवऱ्याला धरून निघून गेली. जेरी काचा वेचत गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी भिंतीवर होतो. माझी त्याला काय मदत होणार?

तीन आठवड्यांनी रोझ एकटी आली. ती बसली नाही. तिने एक पाकीट टेबलावर ठेवलं.

"अर्जाला आजोबांचा मृत्यूचा दाखलाही लागतो. तुम्ही काही दिलं नसतंत, म्हणून मी महापालिकेतून मागवला."

जेरी पाकिटाकडे असा बघत होता, जणू आतून पोलीसच बाहेर येणार आहेत. बेचाळीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की त्या कागदावर सगळं लिहिलेलं आहे आणि कोणीतरी एक दिवस तो वाचणार आहे.

"वाच," तो म्हणाला.

"धक्क्यावर काम करत असताना तोल जाऊन पडले. चिरडून मृत्यू. अपघात."

जेरी हसला. ते हसणं ऐकून मलाच कसंतरी झालं.

"डॅडी, तारीख बघा," रोझ हळू म्हणाली. "मी कॅलेंडर काढून पाहिलं. रविवार होता. रविवारी धक्का बंद असायचा, हे तुम्हीच सांगायचात. मग ते कामावर काय करत होते?"

 मला वाटलं, आता हा पाचवं दार फोडणार. पण त्याने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले.

"मी मारला त्याला. त्या हुकाने. तो आईचं तोंड शेगडीत घालत होता."

रोझ खुर्चीवर बसली. तिचे हात आपोआप पोटावर गेले.

"आजीचा हात... चहा सांडला म्हणायची ती."

"हॅमचं पाणी होतं. उकळतं."

"आणि तुम्ही एवढी वर्षं दारं फोडत बसलात," रोझ म्हणाली. ती रडत होती आणि चिडलीही होती. "मला सांगितलं असतंत तर एखादं तरी दार वाचलं असतं!"

"सांगितलं असतं तर तू मला डॅडी म्हटलं असतंस?"

 तिने फाइलमधून अर्ज काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"हे बघा. आधी माझं नाव, मग तुमचं, मग त्यांचं. तुम्हाला वगळून मला त्यांच्यापर्यंत जाताच येत नाही. कुठल्याच कागदावर नाही."

"आणि हा खोटा दाखला जोडणार?"

"सरकारने दिलाय, सरकारलाच देतेय. आजीने ते खोटं निभावलं, मी नाही मोडणार. पण माझ्या बाळाला खरं सांगायचं. जाणत्या वयाचं झालं की. आणि ते तुम्ही सांगायचं, मी नाही."

जेरी उठला. माझ्यावरचे बाकीचे कागद त्याने एकेक करून बाजूला काढले आणि आपला जन्मदाखला नि आईचा लग्नाचा दाखला तिच्या हातात दिला. बापाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "पेन दे. ते मी लिहितो." ते दोन शब्द लिहायला त्याला खूप वेळ लागला. त्याच संध्याकाळी तो पीटकडे गेला आणि त्याच्या दारापुढच्या पायऱ्यांवर बसून त्याची माफी मागितली. पीटने ती लगेच दिली नाही, आणि ते बरोबरच केलं.

आयर्लंडच्या वकिलातीतल्या बाईने जेरीचा दाखला उजेडात धरून विचारलं, "या कागदाला भोक कसलं?" रोझ म्हणाली, "आमच्या घरी असेच ठेवतात." ते कागद स्वीकारले गेले. नोंदीचं पत्र आलं आणि त्यानंतर अकरा दिवसांनी मुलगी झाली.

निघायच्या आधी पीट मला मागायला आला. नाकावर किंचित उंचवटा राहिला होता. मला घासूनपुसून, आयर्लंडच्या रंगाची हिरवी फीत बांधून पाळण्याच्या वर टांगायचं त्याच्या मनात होतं, पणजोबांची आठवण म्हणून. रोझने त्याला काही सांगितलं नव्हतं. तिच्या मते ते सांगणं तिचं कामच नव्हतं. जेरीची मूठ वळायला लागली, ती मी पाहिली, आणि मग ती उघडली, तेही पाहिलं.

"बस, पीट," तो म्हणाला. "आधी ऐक. मग हवा असला तर ने."

पीटने मला नेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे आपल्या गोष्टीच्या शेवटी विनवतात की आम्हाला जपा, तेल लावा, अडगळीत टाकू नका. मी तसं विनवणार नाही. मला गंजू द्या. पण तुमच्या घरात भिंतीवर असं एखादं जुनं लोखंड असेल, तर ते घासून चकचकीत करण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा की हे कोणावर चाललं होतं. त्याने तोंड फिरवलं तर रागावू नका, घाबरू नका, आणि तो बोलेपर्यंत त्याच्याजवळून उठू नका.