मार्गदर्शकाचं नाव

माझ्या पोटात दुखतं म्हणा, हवं तर म्हणा. या शाळेत चित्रकला शिकवून माझे केस पांढरे झाले, आणि काल आलेली ती नवी बाई पोरांच्या हातात टॅब्लेट देते, इंटरनेटवरून कुठल्या कुठल्या संग्रहालयातली चित्रं भिंतभर दाखवते आणि वर म्हणते, "मला ताई म्हणा." ताई! नव्याची नवलाई, चार दिवसांत ओसरेल, असं मी सगळ्यांना सांगत होते. ओसरलं काय, तर माझा वर्ग. आणि सगळ्यात आधी पळालं कोण? माझी स्वतःची लेक. घर फिरलं की वासेही फिरतात, ते खोटं नाही.

आंतरशालेय स्पर्धेला तिचं चित्र जाणार होतं. चित्राखाली मार्गदर्शकाचं नाव लागतं. ते माझंच लागायला हवं होतं. मांडीवर बसवून तिला पेन्सिल धरायला शिकवली ती मी!

मधल्या सुट्टीत तरातरा कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. ती ताई, सात-आठ पोरं आणि भिंतीवर लेकीचं चित्र: आमची गॅलरी, दोरीवर वाळत घातलेले कपडे, मधोमध चादर. सुंदर होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सावली चुकलीय," म्हणत मी लेकीच्या हातातून टॅब्लेट आणि पेन ओढून घेतलं. पोरांच्या कागदावर स्वतः रेघ मारून चूक दाखवायची, ही माझी पद्धतच. तीही अशी दाबून, की खोडायची कोणाची टाप नाही. चादरीखाली काळंकुट्ट फासलं. मग सवयीने अंगठ्याने घासायला गेले, तर अख्खं चित्रच सरकलं. पोरं फिसकन हसली.

"गप्प बसा!" मी ओरडले.

लेकीने टॅब्लेट परत घेतला आणि काचेवर दोन बोटं टेकवली. माझी शेवटची रेघ गेली. पुन्हा टेकवली, त्याआधीची गेली. असं करत करत चादरीखाली होती तशी सावली परत आली. कागद असता तर डाग तरी राहिला असता.

नवी बाई पुढे आली. म्हटलं, आता ही नाकाने कांदे सोलणार. पण ती लेकीला हळूच म्हणाली, "मार्गदर्शक म्हणून आईंचंच नाव टाक गं. या चित्रात त्यांचंही आहेच की काही."

मेली चांगलीही होती वर! माझा जीव कानात गोळा झाला.

लेकीने अगदी भाबडेपणाने तिच्याकडे पाहिलं. "पण ताई," ती म्हणाली, "आईचं होतं तेवढं सगळं मी आत्ताच काढून टाकलं."