गार कान

तीस वर्षं लोकांचे कान वाचवत केस कापले, त्यामुळे माणूस आपल्याला कानांवरून कळतो, असं सलूनवाला छातीठोकपणे सांगायचा. बायकोच्या बाबतीत तर तो पैज लावायला तयार असे. ती कधी आवाज चढवायची नाही. राग आला की भांडी घासायला घ्यायची आणि तिचे कान पेटायचे. तिच्या आईचं तसंच, भावाचंही तसंच. तिघांनाही ब्लडप्रेशर. मेहुणा म्हणायचा, आमच्याकडे भांडण तोंडातून बाहेर पडत नाही, कानात जाऊन बसतं.

बायको जाऊन सात महिने झाले होते. सोमवारी, दुकान बंद असताना, लेक केस कापून घ्यायला आली. ती पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसभर लोक तोंडसुख घ्यायचे आणि ही शांतपणे "हो, लिहून घेतलंय" म्हणायची. हल्ली डोकं दुखतं, असं ती बोलता बोलता सांगून गेली.

एका बाजूचे केस झाल्यावर त्याने वस्तऱ्यांच्या खणातून प्रेशरचं मशीन काढलं. औषधाच्या दुकानातल्या बाईने ते लावायला दोनदा शिकवलं होतं. आई-आजीला असेल तर मुलांनी तपासत राहायचं, असंही तिने बजावलं होतं. रक्तातून येऊ शकतं, पण येईलच असं नाही, आणि आलं तरी आवरता येतं.

लेकीने हात अंगावरच्या कापडाखालीच ठेवला. अजून तिशीसुद्धा उलटली नाही, म्हणाली. ताण कोणाला नसतो.

मग आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली, "आकडा दिसला की तो माझा होईल, बाबा. आजीचा, मग आईचा, मग माझा. मला काही झालेलं नाही. बघा, कान गार आहेत माझे."

त्याने कात्री खाली ठेवली.

जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्याने तेव्हा सांगितलं. शेवटच्या वर्षी तिच्या आईने प्रेशरच्या गोळ्या सोडल्या त्या त्याला विचारून. गोळ्यांनी पाय सुजतात, अशी तिची तक्रार होती. त्याने तिचे कान पाहिले, ते जराही लाल नव्हते.

"मीच म्हणालो, नको घेऊस. डॉक्टरच्या मशीनपेक्षा मला जास्त कळतं म्हणालो."

सवयीने तो लेकीच्या कानांकडे बघणार होता, पण त्याने नजर वळवली. मग कापडाखालून तिचा हात बाहेर आला.

आधी पाच मिनिटं शांत बसायचं होतं. दोघं शेजारच्या खुर्च्यांवर बसले. ती अर्धवट कापलेल्या केसांनी. कोणी डोकावलं तर म्हणेल कारागीर मध्येच पळून गेला, असं ती पुटपुटली. त्याने बोलू नको म्हणून खूण केली.

एकशे छप्पन्न, अठ्ठ्याण्णव. थोडं थांबून पुन्हा घेतलं. दोनाचा फरक.

तिने आपल्या कानाला हात लावून पाहिला. मग त्याचा हात धरून तिथे ठेवला. कान गार होता.

"उद्या डॉक्टरकडे तुम्हीही चला," ती म्हणाली. "एकटी गेले तर 'हो, लिहून घेतलंय' म्हणून परत येईन."

तो हो म्हणाला. उठून दुसऱ्या बाजूचे केस विंचरू लागला. मग खाली ठेवलेली कात्री उचलली.